बाज, एक नग

साळूबाई भोर बाजेवरून उठायला तयार नव्हत्या. अंगणात मधोमध बाज, बाजेवर साळूबाई, मांडीवर निवडायला घेतलेली मेथी आणि समोर हात जोडून वनखातं उभं. खातं म्हणजे आमचे वनक्षेत्रपाल हिंगमिरेसाहेब, वनरक्षक केदारी आणि कार्यालयाचा लिपिक म्हणून मी.

"मावशी, तुमच्या मागच्या विहिरीत बिबट्या पडलाय," साहेब म्हणाले.

"ठावं हाये. सकाळधरनं वरडतोय."

"पोहून पोहून दमलाय. बाज खाली सोडली तर तिच्यावर चढून बसेल. नाहीतर बुडेल बिचारा."

"मंग सोडा की बाज. म्या कुठं हात धरलाय तुमचा?"

"तुमचीच पाहिजे, मावशी. वस्तीवर दुसरी लाकडाची बाज उरली नाही."

साळूबाईंनी मेथीची एक काडी मोडली, पानं एका बाजूला टाकली, देठ दुसऱ्या बाजूला टाकला. मग विचारलं, "आन सरकारची बाज कुठं गेली?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी केदारीकडे पाहिलं आणि केदारी शेवग्याच्या झाडाकडे बघत राहिला.

प्रश्न रास्त होता. आमचा तालुका उसाचा, आणि उसात बिबट्यांची वस्ती. विहिरींना कठडे नाहीत. कुत्र्यामागे धावता धावता बिबटे विहिरीत पडतात, आणि त्यांना वर काढायला बाजेसारखं साधन नाही. चारी पायांना दोर बांधायचे, सरळ पाण्यावर सोडायची. लाकूड तरंगतं, सुताच्या विणीत नख्या रुततात, बिबट्या चढून बसतो. लोखंडी कॉट सोडली तर ती बिबट्याच्या आधी तळ गाठते. आजवर ज्या वस्तीवर बिबट्या पडायचा, तिथलीच बाज आम्ही मागून घ्यायचो. परत द्यायचो तेव्हा कधी तिची वीण फाटलेली असायची, कधी पाय मोडलेला असायचा, आणि एकदा तर नुसताच पाय परत दिला होता. लोक शहाणे झाले. आमची जीप दिसली की बाजा घरात जायच्या आणि दाराला कडी लागायची.

म्हणून हिंगमिरेसाहेबांनी ठरवलं होतं की कार्यालयाची स्वतःची एक बाज असावी.

आता बाज ही आठवडी बाजारात मिळणारी वस्तू. पण सरकारला बाजारात जाता येत नाही. सरकारला तीन दरपत्रकं लागतात. बाज विकणारा म्हातारा म्हणाला, "दरपत्रक म्हंजी? तोंडानं सांगतो ना दर." त्याच्याकडे छापील पावती नव्हती, कर क्रमांक नव्हता, आणि बाकी दोन विक्रेते कुठून आणायचे हा प्रश्न होताच. ऑनलाइन खरेदीच्या यादीत फिरत्या खुर्च्यांचे असंख्य प्रकार होते, बाज नव्हती. मग नियमांच्या पुस्तकात मला ती जागा सापडली, जिच्यावर अख्खं सरकार चालतं: सूट. अमुक कारणास्तव, तमुक परिस्थितीत, सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीने, नियमांतून सूट. मी झकास प्रस्ताव लिहिला. 'बिबट बचाव कार्यासाठी बाज, एक नग, खरेदी करणेस नियमांतून सूट मिळणेबाबत.' आणि विभागीय कार्यालयाच्या खरेदी शाखेला पाठवून दिला.

खरेदी शाखेचे अधीक्षक होते बोंद्रेसाहेब. माणूस सज्जन, पण जन्म शहरातल्या फ्लॅटमधला आणि झोप कायम फोमच्या गादीवरची. त्यांचं उत्तर आलं: 'बाजाचे वय व लिंग कळवावे.'

"लिंग?" हिंगमिरेसाहेबांनी चष्मा पुसला.

"व्याकरण विचारत असतील, साहेब," मी म्हणालो. "नुकतंच शुद्ध राजभाषेचं परिपत्रक आलंय."

आम्ही कळवलं: 'बाज स्त्रीलिंगी असून नवीनच हवी आहे.'

पुढचं पत्र आलं: 'मादी जातीच्या पिल्लाच्या आहाराची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली केली आहे? तसेच बाज पक्षी बिबट्यास विहिरीतून कसा काढतो, याचे प्रात्यक्षिक झाले आहे काय?'

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. साहेब हसता हसता खुर्चीतून घसरायचे बाकी राहिले. मी घाईघाईने खुलासा लिहिला की, महोदय, बाज म्हणजे पक्षी नव्हे, बाज ही झोपण्यासाठी असते. त्यावर बोंद्र्यांनी शेरा मारला: 'बाज झोपतो किंवा कसे, हा मुद्दा प्रस्तुत नाही.' आणि शेवटी उदार मनाने आदेश काढला की बाज शासकीय प्राणिसंग्रहालयाकडून घेतल्यास निविदेतून सूट देय राहील. आम्हीही हट्टाने प्राणिसंग्रहालयाला लिहिलं. त्यांनी कळवलं की बाज शिल्लक नाही, घुबड चालेल काय?

हे सगळं साळूबाईंना कोणत्या तोंडाने सांगणार? साहेब नुसते म्हणाले, "प्रस्ताव पाठवलाय, मावशी. मंजुरी यायची आहे."

"येईल येईल. बिबट्याला म्हणावं, तवर पवत ऱ्हा."

विहिरीकडून पुन्हा ओरडणं ऐकू आलं, पण या वेळी आवाज बराच बारीक झाला होता. साळूबाईंचा हात मेथीत थांबला. त्यांना ते सहन होईना, हे दिसत होतं.

"ऐका सायेब," त्या म्हणाल्या. "मपली वैजू येणार हाये बाळंतपणाला. पहिलटकरीण हाये. याच बाजंवर मपली समदी बाळंतपणं झाली, मपल्या जावांची झाली. खाली शेगडी ठिवली का ऊब कशी कंबरंला पोचती. त्या नायलॉनच्या पट्टीच्या कॉटखाली शेगडी ठिवली तर पट्टीच वितळंल. पोरीला काय दिवाणावर शेकू?"

"तिच्या आधी बाज तुमच्या दारात. माझा शब्द."

"सरकारचा का तुमचा?"

"माझा," ते म्हणाले.

साळूबाई उठल्या.

बिबट्या निघाला, तो मात्र देखणा निघाला. बाज पाण्याला टेकली तशी त्याने एकदा हुंगली, पंजा टाकला, मग दुसरा, आणि ओलाचिंब होऊन असा बसला की जणू घरचंच अंथरूण. गावकऱ्यांनी दोर ओढले. काठाशी येताच त्याने उडी मारली आणि तो उसात नाहीसा झाला. कोणाची मंजुरी घेतली नाही, कुठे सही केली नाही. दोन ठिकाणी वीण तुटली होती, ती नीट करून द्यावी म्हणून आम्ही बाज जीपच्या टपावर टाकून कार्यालयात आणली. साहेबांनी विणणाऱ्याला बोलावून ती घट्ट ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी ती परत जायची होती.

पण त्याच दिवशी पेपरात फोटो आला: बाजेवर बिबट्या, काठावर हिंगमिरेसाहेब. आणि फोटोच्या पाठोपाठ विभागीय कार्यालयाच्या भांडार शाखेचं पत्र. ही भांडार शाखा बोंद्र्यांच्याच खोलीत, पलीकडच्या टेबलावर. दोन्ही टेबलांच्या वर एकच पंखा, आणि त्याचं तोंड कुणाकडे असावं यावरून दोन्ही शाखांचं बोलणं फार पूर्वीच बंद पडलं होतं. त्यामुळे एका टेबलावर बाज पक्षी होता आणि दुसऱ्या टेबलावर ती लाकडी वस्तू होती, याचा पत्ता दोघांनाही नव्हता.

भांडार शाखेने विचारलं होतं: फोटोतील बाज कोणत्या नियमाने खरेदी केली? खरेदी केली नसल्यास ती देणगी समजून जडवस्तू नोंदवहीत जमा करावी, पायावर क्रमांक टाकावा आणि प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी हजर ठेवावी. जागेवर न आढळल्यास जबाबदारी निश्चित करण्यात येईल.

साहेबांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. त्यांच्या आधीच्या साहेबांचं पेन्शन एका हरवलेल्या शिडीपायी अडकलं होतं, ते ती शिडी स्वप्नात पाहत होते असं त्यांच्या बायकोने सांगितलं होतं. केदारीने मुकाट्याने रंगाचा डबा आणला आणि बाजेच्या पायावर पांढऱ्या अक्षरात आमच्या कार्यालयाचं नाव नि क्रमांक घातला.

मी भांडार शाखेला फोन केला. "वस्तू मालकिणीची आहे, परत द्यायची आहे."

"सरकारजमा झालेली वस्तू देता येत नाही," तिकडून आवाज आला. "निर्लेखन करा, म्हणजे नोंदवहीतून कमी करा. वस्तू निकामी झाल्याचा दाखला जोडा, मग जाहीर लिलाव काढा. मालकीणबाईंना बोली लावता येईल ना! मात्र अनामत भरावी लागेल."

"निकामी नाहीये हो, आत्ताच विणून घेतलीय."

"मग निर्लेखन कसं होणार?" आवाजाला खरंच वाईट वाटल्यासारखं झालं. "थोडी वापरा. मोडेल."

साळूबाई दर बाजारच्या दिवशी कार्यालयात येऊ लागल्या. सुरुवातीला गोडीगुलाबीने, मग नुसत्या व्हरांड्यात येऊन आपल्याच बाजेसमोर जमिनीवर बसायच्या. बाजेवर बसा म्हटलं तर म्हणायच्या, "नगं बाई. सरकारी हाये." पायावरचे आकडे त्यांनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा पदराने पुसून पाहिले. निघेनात. साहेब उठून आत निघून गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला त्या दिवशी आपल्या नोकरीची लाज वाटली. ती आधी कधी वाटली नव्हती असं नाही, पण इतकी नाही.

आणि एके दिवशी त्या वैजूलाच घेऊन आल्या. पोरगी दिवस भरत आलेली, एक हात कमरेवर, चेहरा उन्हाने लाल झालेला. तिला खुर्ची दिली. साळूबाई उभ्याच राहिल्या.

"सायेब, आता दिस भरले. मपली बाज द्या."

"मावशी, मी दुसरी आणून देतो. माझ्या पैशाने."

"दुसरी कुठं हाये? विणणारा बी आता पट्टीच मारतो. आन दुसरी कशापायी? मपलीच हाये ना ही? चोरून आणली काय म्या?"

"तुमचीच आहे. पण ती इथून हलली तर..."

"हलली तर काय?" साळूबाईंचा आवाज चढला. "बिबट्या सोडला तवा कुणाला इचारलं? त्ये जित्तं जनावर मोकळं सुटलं, आन मपली लाकडाची बाज धरून ठिवली! काय पंख फुटलेत का तिला? उडून जाईल का कुठं?"

हिंगमिरेसाहेब माझ्याकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे.

"औटी," ते हळूच म्हणाले, "फोन लावा."

"भांडार शाखेला?"

"छे. पलीकडच्या टेबलाला. आणि एक सांगतो, आपण एकही शब्द खोटा बोलायचा नाही."

मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बोंद्रेसाहेब लाइनवर आले.

"साहेब, त्या बाजेसंबंधी आमचा प्रस्ताव होता..." हिंगमिरे म्हणाले.

"तो? प्राणिसंग्रहालयाकडे नाही म्हणाले ना? घुबड घ्या."

"नाही साहेब. इथे स्थानिक पातळीवर एक बाज मिळाली. सध्या कार्यालयाच्या ताब्यात आहे."

"ताब्यात?" खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कोणाच्या परवानगीने? कुठे ठेवलाय?"

"व्हरांड्यात."

"उघड्यावर! बांधून?"

"दोर आहेत, साहेब. चांगले घट्ट आहेत."

"अहो हिंगमिरे! पाय दुखावले असतील!"

साहेबांनी वाकून बाजेचे पाय पाहिले. "पाय मजबूत आहेत."

"खातो काय?"

"आल्यापासून काहीच नाही."

"काहीच नाही! आणि तुम्ही शांतपणे मला सांगताय? संरक्षित पक्षी आहे तो!"

वैजूने तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. साळूबाईंना काही कळत नव्हतं, पण सरकारचा आवाज पहिल्यांदाच आपल्या बाजूने चिडलाय एवढं त्यांना उमगलं असावं. त्या फोनच्या जवळ सरकल्या.

"साहेब, अडचण अशी की लिलाव केल्याशिवाय सोडता येत नाही असं कळवलंय."

"लिलाव? बाजाचा लिलाव? निवृत्तीच्या तोंडावर खडी फोडायला जायचंय का तुम्हाला?"

"जडवस्तू नोंदवहीत नोंद झालीय ना, म्हणून."

मग बोंद्र्यांनी अगदी हळू, शब्द तोडून विचारलं, "बाज. जडवस्तू. नोंदवहीत. हा कोणत्या गाढवाचा आदेश?"

"आपल्याच भांडार शाखेचा, साहेब."

इतका आनंद मी सरकारी फोनवर आधी ऐकला नव्हता, पुढेही ऐकला नाही. पंख्याचा सगळा जुना हिशेब त्या एका श्वासात चुकता झाला. "अस्सं!" बोंद्रे म्हणाले. "सजीवाला जडवस्तू करतात काय! थांबा. नोंद रद्द करण्याचं पत्र वरिष्ठांच्या सहीने आजच काढतो. तुम्ही त्याला जिथून आणला तिथेच, त्याच्या मूळ अधिवासात, ताबडतोब मुक्त करा."

"मंजुरीशिवाय?"

"सुदृढ असेल तर मंजुरीची अट नाही. त्यातून सूट आहे."

सूट! जो शब्द मागून मागून माझी बोटं झिजली होती, तो त्यांनी असा सहज उधळून टाकला.

पत्र खरोखर त्याच दिवशी आलं. आम्ही रीतसर पंचनामा केला: 'सदर बाज सुस्थितीत असून मूळ ठिकाणी, भोर वस्ती, हिवरटेक येथे पंचांसमक्ष मुक्त करण्यात आली. मुक्त करतेवेळी कोणतीही हालचाल आढळली नाही.' ते शेवटचं वाक्य साहेबांनी खोडायला लावलं. पंच म्हणून साळूबाईंनी अंगठा उठवला. "काय लिवलंय?" त्यांनी विचारलं. केदारी म्हणाला, "तुमची बाज घरी आली असं लिवलंय, मावशी." ते खरंच होतं. तपासणीचं पथक आलं तेव्हा त्यांच्या यादीत बाजच नव्हती, त्यामुळे त्यांनी तिच्या रिकाम्या जागेकडे पाहिलंही नाही, चहा घेतला आणि ते समाधानाने गेले.

त्यानंतर काही आठवड्यांनी बोंद्र्यांचं पुन्हा पत्र आलं. आमच्या संवेदनशील कार्याची वार्षिक अहवालात दखल घेण्यात आली होती. सोबत दोन कलमं होती. एक, कार्यालयाकडे बाज असताना ते त्याला सांभाळू शकलं नाही, सबब नवीन बाज खरेदीचा प्रलंबित प्रस्ताव कायमचा निकाली काढण्यात येत आहे. दोन, मुक्त केलेला बाज परिसरात स्थिरावला किंवा कसे, तसेच पिल्ले झाली असल्यास संख्या, लिंग व प्रकृती यांसह अहवाल सादर करावा.

"प्रत्यक्ष पाहणी करायला हवी," हिंगमिरेसाहेब म्हणाले. त्यांचा नोकरीतला तो शेवटचा आठवडा होता.

भोरांच्या घरात ओव्याचा आणि बाळंतशेपेचा वास भरून राहिला होता. आतल्या खोलीत ती बाज, खाली शेगडी, वर वैजू. पायावरच्या पांढऱ्या आकड्यांवर साळूबाईंनी हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, त्यामुळे आमच्या कार्यालयाचं नाव आता एखाद्या देवासारखं दिसत होतं. वैजूच्या कुशीत काहीतरी लाल, सुरकुतलेलं गुंडाळून ठेवलं होतं. ते अचानक असं ओरडलं की केदारी दचकून मागे सरला.

"उंबऱ्यातच थांबा सायेब, आत धूर हाये," साळूबाई म्हणाल्या. मग बाळाला घेऊन त्या स्वतःच बाहेर आल्या आणि सरळ साहेबांच्या हातात ठेवलं. साहेबांना धरता येईना. ते नुसते बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. धुराने असेल म्हणायला जागा नव्हती, धूर आत होता.

जीपमध्ये बसल्यावर ते म्हणाले, "लिहा, औटी."

मी कागद मांडीवर घेतला.

"सदर बाज मूळ ठिकाणी स्थिरावली आहे."

"'स्थिरावली' लिहू? त्यांनी तर 'स्थिरावला' विचारलंय."

"स्त्रीलिंगी आहे हे आपण मागेच कळवलंय. लिहा. प्रकृती उत्तम. खाली ऊब पुरेशी." मग मागे वळून त्या घराकडे बघत ते म्हणाले, "पिल्लू, एक नग. मादी. आवाज खणखणीत."

मी लिहिलं. साहेबांनी सही केली, आणि सरकारी नोकरीतली ती त्यांची शेवटची सही ठरली.